फ्रेंच पूर्ण भविष्यकाळ : श्राव्य सराव-संचाच्या प्रकल्प नोंदी

३ जून

संच ऐकून करायचा आहे. म्हणून कार्डावर फ्रेंच उच्चार देवनागरीत येईल आणि स्पेलिंग वेगळ्या लेखी पानावर, असे ठरले. शिकणाऱ्याला साधा भविष्यकाळ आणि ‘पासे कोंपोज़े’ (साहाय्यक क्रियापद घेऊन बनणारा रोजचा भूतकाळ) येतात असे धरले आहे. हे दोन नसतील तर पूर्ण भविष्यकाळाला (‘झालं असेल’सारख्या रूपाला) हात लावू नये, कारण तो या दोहोंच्या जोडकामातूनच बनतो.

लिप्यंतर : ‘झ़’ म्हणजे ‘प्लेझर’मधला झ. ‘ज़’ म्हणजे ‘जहाज’च्या शेवटच्या ज-सारखा, पण आधी ‘द’चा स्पर्श न होता. ‘यु’ म्हणजे ओठ ‘उ’साठी गोल करून म्हटलेला ‘इ’. ‘आं, ओं, एं’ नाकातून म्हणायचे, पाठोपाठ न किंवा म ऐकू येता कामा नये.

रचना एका ओळीत : साहाय्यक क्रियापद साध्या भविष्यकाळात, त्यापुढे मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक कृदंत (‘झालेलं’, ‘वाचलेलं’ अशा अर्थाचे रूप). साहाय्यक दोनच, ‘आव्वार’ (जवळ असणे) आणि ‘एत्र’ (असणे).

आव्वार : झ़ोरे, त्यु ओरा, ईलोरा, नुज़ोरों, वुज़ोरे, ईलज़ोरों.
एत्र : झ़ सरे, त्यु सरा, ईल सरा, नु सरों, वु सरे, ईल सरों.

लेखनात सहा रूपे, कानाला मात्र तीनच : ओरे, ओरा, ओरों. ‘मी’ आणि ‘तुम्ही’ सारखे ऐकू येतात, ‘तू’ आणि ‘तो’ सारखे, ‘आम्ही’ आणि ‘ते’ सारखे. त्यामुळे श्राव्य सरावात सगळा भार सर्वनामावर पडतो. ‘आव्वार’च्या अनेकवचनात मध्ये येणारा ‘ज़’ (नुज़ोरों, वुज़ोरे, ईलज़ोरों) ही ऐकणाऱ्याची मोठी मदत आहे. तो गिळला तर रूप चुकीचेच ऐकू येते, म्हणून ध्वनिमुद्रणात प्रत्येक ‘ज़’ स्पष्ट हवा.

५ जून

कृदंतांची यादी. एकूण २४ क्रियापदे घेतली, शेवटच्या ध्वनीनुसार :

‘ए’ (६) : पार्ले, मांझ़े, आरिवे, आले, ने, एते. म्हणजे बोलणे, खाणे, पोहोचणे, जाणे, जन्मणे, असणे.
‘ई’ (४) : फिनी, पार्ती, दॉर्मी, सॉर्ती. संपवणे, निघणे, झोपणे, बाहेर पडणे.
‘यु’ (६) : वांद्यु, ल्यु, व्यु, वन्यु, देसांद्यु, यु. विकणे, वाचणे, पाहणे, येणे, उतरणे, आणि ‘आव्वार’चे स्वतःचे कृदंत.
मूक ‘एस’ (३) : प्री, मी, आसी. घेणे, ठेवणे, बसणे.
मूक ‘टी’ (५) : फे, एक्री, दी, ऊवेर, मॉर. करणे, लिहिणे, सांगणे, उघडणे, मरणे.

२४ क्रियापदांची सहा-सहा रूपे म्हणजे १४४ कार्डे होतात. ती करायची नाहीत. बदलतो तो साहाय्यक, आणि त्याची रूपे १२. कृदंत बदलला तरी फक्त लिंगवचनाने. १२ अधिक २४, एवढ्या ३६ गोष्टी तोंडात बसल्या की १४४ रूपे आपोआप जुळतात. जे शिकणारे क्रियापदागणिक तक्ते घोकतात ते बोलताना अडखळतात, कारण त्यांना दोन तुकडे वेगळे करून जोडायची सवयच लागत नाही.

दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला : ‘असणे’ या अर्थाचे ‘एत्र’ स्वतः मात्र ‘आव्वार’ घेते. ‘ईलोरा एते’ बरोबर, ‘ईल सरा एते’ हे फ्रेंचच नाही. दुसरा लेखनातला : ‘पार्ले’चे कृदंत आणि मूळ रूप कानाला सारखेच, म्हणून लिहिताना शेवटी ‘ई-आर’ घुसतो. त्यावर उपाय म्हणजे त्या जागी ‘वांद्र’ (विकणे) घालून पाहणे. ‘झ़ोरे वांद्यु’ असे म्हणावे लागत असेल तर तिथे कृदंतच हवे, म्हणजे ‘ई’ अक्षरावर तिरकी रेघ आणि ‘आर’ नाही.

९ जून

आव्वार की एत्र? नेहमीची यादी लागतेच : जाणे, येणे, पोहोचणे, निघणे, आत येणे, बाहेर पडणे, चढणे, उतरणे, जन्मणे, मरणे, राहणे, पडणे, परतणे, वाटेवरून जाणे, आणि यातल्या काहींपासून बनलेली (परत येणे, घरी परतणे, ‘होणे’ या अर्थाचे ‘दव्नीर’). शिवाय सगळी आत्मवाचक क्रियापदे (क्रिया कर्त्याच्या स्वतःवर किंवा एकमेकांवर होते ती, ‘स’सारखे सर्वनाम घेणारी). बाकी सर्व ‘आव्वार’.

मराठीतून एक चाचणी मिळते. तृतीय पुरुषात, भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागतो का ते पाहायचे. (मी-तू यांना ‘ने’ दिसत नाही, म्हणून चाचणी तो-ती घेऊनच करावी.) ‘तिने पुस्तक वाचलं’ : ‘ने’ आहे, तर ‘आव्वार’. एकाच फ्रेंच क्रियापदाचे दोन उपयोगही यातून सुटतात :

ती खाली उतरली असेल : एल सरा देसांद्यु.
तिने बॅगा खाली आणल्या असतील : एलोरा देसांद्यु ले वालीज़.

उलट दिशेने मात्र ही चाचणी वापरू नये. ‘ने’ नाही म्हणून ‘एत्र’, असे होत नाही. तो झोपला, हसला, धावला, बोलला, शिकला, विसरला, जेवला, पाणी प्याला : मराठीत एकालाही ‘ने’ नाही, आणि फ्रेंचमध्ये यातले प्रत्येक ‘आव्वार’ घेते. ‘ती जिना चढली’ हे तर फारच फसवे. मराठीत ‘ने’ नाही आणि ‘चढणे’ यादीतही आहे, पण ‘जिना’ हे थेट कर्म असल्यामुळे फ्रेंच म्हणते ‘एलोरा मोंते लेस्कालिए’. आत्मवाचकांत ‘ने’ असूनही ‘एत्र’ येते : तिने हात धुतले असतील, ‘एल स सरा लावे ले में’.

कार्डावर छापायचे वाक्य : ‘ने’ असेल आणि क्रियापद आत्मवाचक नसेल तर आव्वार, ‘ने’ नसेल तर यादी पाहा.

१२ जून

लिंगवचनाचा मेळ. हा भाग मराठी माणसाला वाटतो त्याहून सोपा आहे आणि वाटतो त्याहून निसरडाही.

मराठीत ‘तिने चिठ्ठ्या लिहिल्या असतील’ म्हणताना ‘लिहिल्या’ आणि ‘असतील’ दोन्ही चिठ्ठ्यांप्रमाणे चालतात. फ्रेंचमध्ये साहाय्यक नेहमी कर्त्याच्याच बाजूने : ‘ती’ म्हणून ‘ओरा’, चिठ्ठ्या कितीही असोत. कृदंत कर्माकडे वळतो, पण कर्म आधी येऊन गेले असेल तरच.

एलोरा एक्री ले लेत्र. (कर्म नंतर, मेळ नाही.)
ले लेत्र केलोरा एक्रीत. (तिने लिहिलेल्या असतील त्या चिठ्ठ्या, कर्म आधी.)
एल लेज़ोरा एक्रीत. (‘त्या’ हे सर्वनाम आधी.)

मराठीच्या सवयीने होणारी चूक म्हणजे चिठ्ठ्या अनेक म्हणून ‘ओरों’ लावणे. म्हणून या गटातल्या प्रत्येक कार्डात कर्ता एकवचनी आणि कर्म अनेकवचनी ठेवले आहे. दोघांचे वचन सारखे असेल तर चूक लपून जाते आणि सराव वाया जातो.

‘एत्र’सोबत मेळ कर्त्याशी. ‘एल सरा पार्ती’त शेवटी जादा ‘ई’ लिहायचा, पण तो ऐकू येत नाही. श्राव्य संचात ज्याचा मेळ कानाला कळतो अशी क्रियापदे आपल्या यादीत आठच, मूक ‘एस’ आणि मूक ‘टी’वाली : प्री–प्रीज़, मी–मीज़, आसी–आसीज़, फे–फेत, एक्री–एक्रीत, दी–दीत, ऊवेर–ऊवेर्त, मॉर–मॉर्त. मेळाचा तोंडी सराव या आठांवरच. उरलेल्या १६ क्रियापदांचा मेळ लेखी पानावर.

आत्मवाचकांत ‘ती उठली असेल’, ‘एल स सरा लवे’, इथे मेळ होतो. ‘तिने हात धुतले असतील’ इथे होत नाही, कारण धुतले ते हात, आणि ते नंतर आले आहेत. ‘त्यांनी एकमेकांना फोन केला असेल’ इथेही नाही : फ्रेंचमध्ये फोन कोणा‘ला’ करायचा असतो, तिथे थेट कर्मच नसते.

१६ जून

उपयोग. संचातला सर्वांत मोठा भाग हाच. रूप बरोबर येते आणि जागा चुकते, असे फार होते.

मूळ जागा : भविष्यातल्या दोन गोष्टी, त्यांपैकी एक आधी पुरी होणार. मराठीत हे काम बहुतेक वेळा ‘की’ करतो, आणि ‘की’च्या आधी आपण सरळ भूतकाळी रूप वापरतो.

काम झालं की फोन कर. कां त्यु ओरा फिनी, आपेल-म्वा.
चिठ्ठी वाचली की उत्तर देईन. दे क झ़ोरे ल्यु ला लेत्र, झ़ रेपोंद्रे.
ती घरी आली की जेवू. कांतेल सरा रांत्रे, ओं मांझ़रा.

‘झालं, वाचली, आली’ ऐकून शिकणारा ‘पासे कोंपोज़े’ लावतो. इंग्रजीवरून आलेला असेल तर वर्तमानकाळ लावतो. दोन्ही चूक. त्याला एक प्रश्न विचारायची सवय लावायची : मुख्य वाक्य अजून घडायचे आहे का? ‘फोन कर’, ‘उत्तर देईन’, ‘जेवू’, सगळे पुढचे. मग ‘की’मागची गोष्टही भविष्यातच, फक्त आधी पुरी झालेली. सवयीच्या वाक्यात (‘काम झालं की तो रोज फिरायला जातो’) मुख्य वाक्य वर्तमानात असते आणि तिथे ‘पासे कोंपोज़े’च बरोबर. दोन्ही प्रकारची कार्डे मिसळून ठेवायची. एकाच प्रकारची सलग आली की शिकणारा विचार करणे सोडून देतो.

हा काळ ओढून आणणारे शब्द : कां, लॉर्स्क (जेव्हा), दे क, ओसितो क (लगेच), युन फ्वा क (एकदा का), आप्रे क (नंतर). शेवटच्यानंतर नियमाने हाच काळ येतो. बोलताना अनेक फ्रेंच लोक तिथे ‘स्युबझ़ोंक्तीफ’ (इच्छा, शंका अशा ठिकाणी येणारे वेगळे क्रियारूप) वापरतात, पण संचात ते घेतलेले नाही. दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर ‘आप्रे क’ जड वाटते : ‘आप्रेज़ाव्वार मांझ़े, झ़ सॉर्तिरे’ (जेवून झाल्यावर बाहेर पडेन) हीच सहज रचना.

‘तोवर’ची वाक्ये वेगळ्या कार्डांवर : काम होत नाही तोवर बाहेर जायचं नाही. तां क त्यु नोरा पा फिनी, त्यु न सॉर्तिरा पा. मराठीत ‘होत नाही’ हा वर्तमान, फ्रेंचमध्ये नकारार्थी पूर्ण भविष्य.

प्रत्येक ‘की’ला हा काळ लागतोच असेही नाही. ‘पोहोचले की फोन करते’ हे साध्या भविष्यातही चालते (कां झ़ारिवरे, झ़ तापेलरे), कारण पोहोचणे क्षणात होते आणि फोन लगोलग. वाचणे, संपवणे, जेवणे अशा वेळ घेणाऱ्या क्रियांत मात्र साधा भविष्यकाळ घातला तर ‘वाचता वाचता उत्तर देईन’ असे ऐकू येते.

१७ जून

मुदतीची वाक्ये. ‘दिसी लेंदी’ (सोमवारपर्यंत), ‘आवां मिदी’ (बाराच्या आत), ‘दां दज़र’ (दोन तासांनी). ‘दां’ आणि ‘आं’ वेगळे ठेवायचे : ‘दां दज़र, झ़ोरे फिनी’ म्हणजे आतापासून दोन तासांनी बघाल तर काम झालेले असेल, ‘आं दज़र’ म्हणजे कामाला लागणारा वेळ दोन तास.

‘आवां क’ (होण्याआधी) याच्या मागे ‘स्युबझ़ोंक्तीफ’ येते, आणि पूर्ण भविष्य जाते मुख्य वाक्यात : झ़ोरे फिनी आवां क त्युआरीव, तू यायच्या आत माझं झालेलं असेल.

२० जून

‘जर’. सगळ्या संचात मराठी इथे सर्वांत जास्त फसवते.

‘तुझं काम झालं असेल तर जा.’ मराठीत ‘असेल’ समोर दिसतो आहे, आणि गेल्या सगळ्या कार्डांनी ‘असेल’ म्हणजे ‘ओरा’ अशी सवय लावलेली आहे. फ्रेंचमध्ये अट घालणाऱ्या ‘सी’नंतर कुठलाच भविष्यकाळ येत नाही, साधाही नाही आणि पूर्णही नाही. ‘सी त्यु आ फिनी, त्यु प पार्तीर’ असे ‘पासे कोंपोज़े’ वापरायचे. ‘उद्या दुपारपर्यंत झालं असेल तर’ असले तरी तेच.

अपवाद दिसतो तो खरा अपवाद नाही. ‘तिचं बाराच्या आत झालेलं असेल की नाही, माहीत नाही’ यात ‘सी’ अट घालत नाही, प्रश्न विचारतो : ‘झ़ न से पा सी एलोरा फिनी आवां मिदी’. चाचणी अशी : मराठीत ‘तर’ येतो तिथे पूर्ण भविष्य नको, ‘की नाही’ येतो तिथे हवे तर येऊ शकते.

या भागात एकाच मजकुराच्या तीन-तीन जोड्या हव्यात : झालं की जा, झालं असेल तर जा, झालं असेल की नाही कुणास ठाऊक. तिन्ही पाठोपाठ म्हणायची.

२४ जून

अंदाज. इथे मराठी अगदी बरोबर वाट दाखवते.

विसरला असेल : ईलोरा उब्लिये.
त्याची गाडी चुकली असेल : ईलोरा राते सों त्रें.

भविष्याचा इथे काही संबंध नाही. गोष्ट घडून गेलेली आहे, बोलणारा कारणाचा तर्क करतो आहे. इंग्रजीतून फ्रेंच शिकलेल्याला हा उपयोग समजावून सांगावा लागतो. मराठीत रोजच्या बोलण्यात ‘असेल’ दोन्ही कामे करतो, त्यामुळे दोन उदाहरणांत विषय संपतो. म्हणून हा गट पुस्तकांत शेवटी असतो तसा न ठेवता ‘की’च्या लगेच नंतर घ्यायचा.

वजन मात्र सांगितले पाहिजे. रोजच्या बोलण्यात फ्रेंच माणूस अशा वेळी ‘ईला द्यु उब्लिये’ जास्त म्हणतो. पूर्ण भविष्यातला तर्क थोडा नेटका, लेखी वळणाचा वाटतो. येतो तोही बहुतेक तृतीय पुरुषात. ‘सां दूत’ (बहुधा) जोडले की ऐकणारा भविष्याकडे भरकटत नाही.

याला लागून एक उपयोग आहे जिथे मराठीत ‘असेल’ येतच नाही : गोळाबेरीज. ‘एलोरा तुतेसेये’, तिने सगळे उपाय करून पाहिले. बातम्यांत, मृत्युलेखांत, एखाद्याच्या कारकिर्दीकडे मागे वळून पाहताना हे येते. कार्डाच्या मराठी बाजूला साधा भूतकाळच लिहायचा. ‘पाहिले असतील’ लिहिले तर तो अंदाज होतो आणि अर्थ बदलतो. ‘ओंनोरा तु व्यु!’ हा ठरीव उद्गार : हेच बघायचं राहिलं होतं!

२७ जून

शब्दक्रम, थोडक्यात. नकार साहाय्यकाला मिठी घालतो, कृदंताला नाही : झ़ नोरे पा फिनी. ‘काही नाही’ (रियें) कृदंताच्या आधी, ‘कुणी नाही’ (पेर्सॉन) कृदंताच्या नंतर : झ़ नोरे रियें व्यु, पण झ़ नोरे व्यु पेर्सॉन. छोटी क्रियाविशेषणे (देझ़ा, बियें, प्रेस्क) मध्ये बसतात : झ़ोरे देझ़ा फिनी. सर्वनामे साहाय्यकाच्या आधी. उलट्या प्रश्नात दोन स्वर भिडू नयेत म्हणून ‘त’ येतो : ओरातील फिनी? अनेकवचनातला ‘त’ (ओरोंतील) मात्र उसना नाही, तो रूपातलाच शेवटचा ‘टी’ आहे. लिहिताना या दोहोंत गल्लत होते.

१ जुलै

ध्वनिमुद्रण. ‘एत्र’ची रूपे दोन वेगांत हवीत. सावकाश ‘झ़ सरे पार्ती’, नेहमीच्या वेगात ‘झ़ स्रे पार्ती’, ‘ईल स्रा पार्ती’. फक्त सावकाश ऐकलेल्याला चालत्या संभाषणात ‘स्रा’ ओळखू येत नाही. प्रश्न आणि उत्तर यांमध्ये चार सेकंदांची मोकळी जागा. तीन सेकंदांत आत्मवाचक वाक्य पुरे म्हणून होत नाही.

‘झ़ोरे’चा जुळा : पूर्ण भविष्यातला ‘झ़ोरे फिनी’ आणि भूतकाळी संकेतार्थातला ‘झ़ोरे फिनी’. लेखनात दुसऱ्याला शेवटी ‘एस’. उच्चारात पहिला ‘ए’ मिटका आणि दुसरा उघडा असे पुस्तके सांगतात, पण अनेक फ्रेंच लोकांच्या तोंडी फरक उरत नाही. म्हणून हा फरक कानाने ओळखायला लावणारी कार्डे वगळली. ओळख अर्थाने करायची : झालं ‘असेल’ तिथे ‘एस’ नाही, झालं ‘असतं’ तिथे ‘एस’. ‘तू मदत केली असतीस तर माझं झालं असतं’, इथे ‘एस’. शंका उरली तर पुरुष बदलून पाहावे : ‘नुज़ोरों’ की ‘नुज़ोरियों’, ‘ईलोरा’ की ‘ईलोरे’. तिथे दोन्ही स्वच्छ वेगळे ऐकू येतात.

४ जुलै

उरलेले दोन प्रकार. ‘विकलं गेलेलं असेल’ : ला मेज़ों ओरा एते वांद्यु. तीन तुकडे आहेत, मेळ फक्त शेवटच्याला, ‘एते’ कधीच बदलत नाही. घर फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून लिहिताना ‘वांद्यु’ला जादा ‘ई’.

सांगितलेले बोलणे : ‘तो म्हणतो, काम झालं की फोन करीन’ यात पूर्ण भविष्य तसेच राहते. ‘तो म्हणाला’ झाले की मराठीत पुढचे वाक्य जसेच्या तसे राहते, फ्रेंचमध्ये मात्र दोन्ही क्रियापदे सरकतात : ईला दी कील आपेलरे कांतीलोरे फिनी. साधे भविष्य साध्या संकेतार्थात जाते, पूर्ण भविष्य भूतकाळी संकेतार्थात. मराठी बाजूला काही खूण नसल्यामुळे हे कार्ड वाचताना आधी ‘म्हणतो’ की ‘म्हणाला’ ते पाहायचे. ‘म्हणाला’ ठळक छापायला सांगितले आहे.